फ्रिज मागू नका, दुरुस्तीचा आकडा मागा

इचलकरंजीतील एका तरुणीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील यंत्रमागावर कामाला आहेत आणि पाळ्या कमी झाल्यामुळे घरात महिन्याला जेमतेम चौदा हजार रुपये येतात. भाऊ सेंट्रिंगच्या कामावर जातो, पण त्याचे काम रोजचे नाही. आईला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. नऊ वर्षांपूर्वी घेतलेला एक दरवाजाचा फ्रिज बंद पडला आहे. आत दिवा लागतो, पण गारवा येत नाही आणि दर काही मिनिटांनी मागून ‘टक्’ असा आवाज येतो. मिक्सरही वाटण करताना मध्येच थांबला तो पुन्हा सुरू झालेला नाही. पाहायला आलेल्या कारागिराने ‘कॉम्प्रेसर गेला, साडेसहा हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या’ असे सांगितले. एक दुकानदार शून्य टक्के व्याजाने हप्त्यांवर फ्रिज द्यायला तयार आहे, तर गल्लीतील एक एजंट दीड हजार रुपये भरल्यास शासनाच्या योजनेतून फ्रिज मिळवून देतो म्हणतो. यांपैकी कोणता मार्ग धरावा, आणि अशी उपकरणे देणारी एखादी योजना किंवा संस्था आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीत सव्वीस वर्षे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेली दहा-बारा वर्षे आमच्या भागातील काही महिला बचत गटांना मदतही करतो, म्हणजे एखाद्या सभासद बाईने ‘फ्रिजसाठी कर्ज’ असा अर्ज केला की पैसे देण्याआधी गट मला तो फ्रिज पाहून यायला सांगतो. त्यामुळे पुढचे उत्तर काहीसे कारागिराचे आणि काहीसे हिशेबनिसाचे आहे.

तुमचा प्रश्न फ्रिजचा दिसत असला तरी आज रात्री अडणारी गोष्ट आईचे इन्सुलिन ही आहे. दूध दोन वेळा तापवता येते आणि भाजी रोजची रोज आणता येते, पण औषधाचे तसे नाही. इन्सुलिनची व्यवस्था दोन-तीन आठवड्यांसाठी लागली, की फ्रिजचा निर्णय घाईने घ्यावा लागत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे गरीब घराचे सर्वांत जास्त पैसे जातात ते याच घाईत.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, फक्त तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाता कामा नये आणि ऊन लागता कामा नये. नेमकी मुदत आणि तापमान प्रकाराप्रमाणे बदलते, ते सोबतच्या कागदावर छापलेले असते आणि औषध दुकानदार किंवा डॉक्टर ते एका मिनिटात सांगतात. फ्रिज ज्या दिवशी बंद पडला ती तारीख आत असलेल्या प्रत्येक बाटलीवर पेनाने लिहून ठेवा, कारण त्या बाटल्यांची फ्रिजबाहेरची मुदत त्याच दिवशी सुरू झाली आहे. न वापरलेला साठा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये, नाव लिहिलेल्या डब्यात, मधल्या फळीवर ठेवा. दरवाजाच्या कप्प्यात ठेवू नका, आणि एक दरवाजाच्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या लगत खाली जो ट्रे असतो त्यात तर मुळीच नको, कारण तिथे वस्तू गोठते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकून द्यावे लागते. घरातल्या घरात करायचे झाल्यास मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात लहान मडके, मडक्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली आणि वर ओले फडके, अशी रचना सावलीत वारा लागेल तिथे ठेवा. हे मडके फ्रिजइतके गार होत नाही, परंतु एप्रिलमध्ये खोलीपेक्षा बरेच थंड राहते. पावसाळ्यातील दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो. फ्रिज सुरू होईपर्यंत महिन्याचे औषध एकदम आणू नका, एकेक बाटली आणा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमधील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना घरात फ्रिज नसल्याचे स्पष्ट सांगून थोडा थोडा साठा मिळेल का हेही विचारा.

आता फ्रिजकडे वळू. दिवा लागतो, गारवा नाही आणि ‘टक्’ आवाज येतो, याचा अर्थ कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, त्याला सुरू होता येत नाही आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक भाग त्याची वीज तोडतो. थोडे गार झाले की पुन्हा तेच चक्र. असे होण्याची कारणे मुख्यतः तीन असतात. घरात येणारा व्होल्टेज कमी असणे, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले किंवा ओव्हरलोड खराब होणे, आणि शेवटी खरोखरच कॉम्प्रेसर जाम होणे किंवा जळणे. पहिल्या कारणाला स्टॅबिलायझर पुरतो, दुसऱ्याला काही शे रुपयांचा भाग, आणि तिसऱ्यालाच तो साडेसहा हजारांचा आकडा लागू पडतो. तुमच्या कारागिराने पहिली दोन कारणे तपासली की नाही हे मला इथून कळणार नाही. तपासली असतील तर त्याचे म्हणणे बरोबर असू शकते. परंतु फ्रिज न उघडता, नुसता आवाज ऐकून त्याने निदान केले असेल तर दुसऱ्याला दाखवा.

दुसऱ्या कारागिराला बोलावताना दोन गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा. फ्रिज सुरू होण्याच्या क्षणी सॉकेटवरचा व्होल्टेज मीटरने मोजायचा, कारण एरवी २२० दाखवणारा सॉकेट भार पडताच १७० वर घसरत असेल तर चांगला कॉम्प्रेसरसुद्धा उठत नाही. दुसरे म्हणजे प्लग काढून, मागच्या बाजूचा छोटा डबीसारखा रिले काढून कानाजवळ हलवायचा. या फ्रिजमधील रिलेच्या आत एक चकती असते. ती फुटली असेल तर खुळखुळा वाजावा तसा आवाज येतो आणि तेवढ्यावरच निदान होते. रिले शाबूत निघाला तर मग कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचा रेझिस्टन्स मोजायचा आणि त्यातली एखादी पिन बॉडीला शॉर्ट आहे का ते पाहायचे. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना असाच ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगून जुना फ्रिज विकला होता, आणि त्यांचा फ्रिज भंगारात घेऊन दुकानात उघडला तेव्हा त्याचा फक्त रिले गेलेला निघाला. तो फ्रिज मी त्यांना परत नेऊन दिला खरा, पण तेव्हापासून हा रिले मी गिऱ्हाइकाच्या हातात देऊन त्यालाच हलवायला सांगतो.

कॉम्प्रेसरच गेला आहे असे ठरले तरी जुने बिल शोधा. बऱ्याच कंपन्या संपूर्ण फ्रिजला एक वर्षाची, पण कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी देतात, आणि तुमचा फ्रिज नऊ वर्षांचा आहे. हमी असली तरी गॅस भरणे, मजुरी आणि वाहतूक यांचे पैसे सहसा द्यावे लागतात. मात्र कॉम्प्रेसरची किंमत वाचते, आणि तोच खर्चाचा मोठा भाग असतो. बिल सापडले नाही तर फ्रिजवरील पट्टीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा. हमीत असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार शुल्क लागत नाही. बहुतेक वेळा आयोगापर्यंत जावे लागत नाही, तक्रार क्रमांक सांगितल्यावर सेवा केंद्राचा स्वर बदलतो.

मिक्सरसाठी फार लिहीत नाही. भांडे काढून मिक्सर उलटा करा. तळाशी लाल बटण असेल. जास्त भार पडल्यावर ते बाहेर येते, ते आत दाबा आणि दहा मिनिटांनी लावून पाहा. या एका बटणासाठी माणसे पन्नास-शंभर रुपये देऊन जातात. तरीही सुरू झाला नाही तर कार्बन ब्रश झिजले असतील, तेही स्वस्त काम आहे.

योजनांबद्दल स्पष्टच सांगतो. सर्वसाधारण गरीब कुटुंबाला फ्रिज देणारी शासकीय योजना महाराष्ट्रात नाही. तमिळनाडूने २०११ मध्ये रेशनकार्डधारक कुटुंबांतील महिलांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा मोफत वाटायला सुरुवात केली होती आणि त्या बातम्यांच्या आधाराने इकडे अजून अफवा पसरतात. त्यामुळे दीड हजार मागणाऱ्या एजंटाला ते पैसे देऊ नका, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याला आधार कार्डाची प्रत, अंगठ्याचा ठसा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी देऊ नका. ज्या योजना खरोखर आहेत त्या वेगळ्या वस्तूंच्या आहेत. घरात गॅस जोडणीच नसेल तर उज्ज्वला योजना आहे, जिच्या २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात अनामत न भरता जोडणी, पहिला सिलिंडर आणि शेगडी मिळण्याची तरतूद झाली आणि स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालू लागले. तुमच्या भावाचे सेंट्रिंगचे काम मात्र इथे उपयोगी पडू शकते. मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, आणि नोंदीत कामगारांना मंडळाकडून गृहोपयोगी वस्तूंचा संच मोफत मिळत आला आहे. त्यात प्रेशर कुकर, कढई, डबे अशी भांडी असतात, फ्रिज नसतो. पण नोंदणीबरोबर आजारपण आणि शिक्षणासाठीचे इतर लाभही असल्यामुळे ती करून घ्यावी. त्यासाठीही एजंटाची गरज नाही. खेड्यातील वाचकांनी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण आणि समाजकल्याण विभागांत चौकशी करावी. तिथे स्वनिधीतून शिलाई यंत्र, पिठाची गिरणी अशा वस्तू अनुदानावर दिल्या जातात, परंतु वस्तू आणि अटी जिल्ह्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात.

पंचगंगेच्या काठी राहत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उपकरण पुरात गेले तर मार्ग निराळा असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात दहा आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले, पण ते पंचनाम्यावर अवलंबून होते. भिजलेला फ्रिज पंचनामा होण्याआधी भंगारवाल्याला देऊ नये, आणि तो वाळवून तपासल्याशिवाय प्लगला तर लावूच नये. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या फ्रिजपैकी कितीतरी पुराने नव्हे, तर ओले असतानाच बटण दाबल्यामुळे गेले होते.

आता पैशांचा हिशेब करू. समजा दुकानात फ्रिजची किंमत पंधरा हजार लिहिली आहे, ‘शून्य टक्के’ योजनेत दीड हजाराचे दहा हप्ते आहेत आणि वर सहाशे रुपये प्रोसेसिंग फी आहे. त्याच दुकानदाराला रोख किंमत विचारा. तो हजारभर रुपये कमी करतो, म्हणजे फ्रिजची खरी किंमत चौदा हजार झाली आणि तुम्ही भरणार पंधरा हजार सहाशे. हे सोळाशे रुपये म्हणजेच व्याज, आणि दहा महिन्यांत शिल्लक रक्कम कमी कमी होत जाते हे धरले तर त्याचा वार्षिक दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसते. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे पत्रक कर्जापूर्वी देणे बंधनकारक आहे. ते मागा आणि सही करण्याआधी वाचा.

बचत गटाचे कर्ज नेहमीच स्वस्त असते असे मात्र मी म्हणणार नाही. गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना असेल, तर चौदा हजारांवर दहा महिन्यांत घटत्या शिलकीने साधारण पंधराशे चाळीस रुपये व्याज होते, म्हणजे गटाचे ‘दोन टक्के’ आणि दुकानाचे ‘शून्य टक्के’ जवळजवळ सारखेच महाग पडतात. फरक दुसरीकडे आहे. गटाचे व्याज गटातच राहते आणि तुमची आई सभासद असेल तर त्याचा वाटा तिच्याकडे परत येतो. एखाद्या महिन्यात पाळ्या बंद राहिल्या तर गटाच्या बैठकीत बसून हप्ता पुढे ढकलता येतो. फायनान्सचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परतला तर वित्तसंस्था आणि बँक असे दोघेही दंड लावतात. दर आठवड्याला हिशेब होणाऱ्या घराला हा फरक व्याजाच्या दरापेक्षा मोठा असतो. वडिलांच्या कारखानदाराकडून उचल घेण्याचा मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तिला व्याज लागत नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे चांगली मजुरी मिळत असली तरी हलता येत नाही. दिवाळीच्या बोनसमध्ये फिटेल एवढीच असेल तर घ्या, त्याहून मोठी नको.

संस्थांबद्दलचे माझे सांगणे मथळ्यात आले आहे. मंडळे, देवस्थाने, ज्ञातीच्या संस्था, रोटरी-लायन्ससारखे क्लब या सर्वांकडे ‘आम्हाला फ्रिज द्या’ असे गेलेल्या बहुतेकांना मी रिकाम्या हाताने परत येताना पाहिले आहे, कारण ती विनंती मोठी असते, तिची शहानिशा करता येत नाही आणि एकाला दिले की दहा जण येतील अशी देणाऱ्याला भीती असते. त्याऐवजी कारागिराने लेटरहेडवर लिहून दिलेला अंदाज, त्यात कोणता भाग बदलायचा आणि किती रुपये लागतील हे स्पष्ट, सोबत आईच्या इन्सुलिनच्या चिठ्ठीची प्रत आणि ‘पैसे आम्हाला न देता थेट कारागिराला द्यावेत’ असे एक वाक्य, एवढे घेऊन गेल्यास बोलणे वेगळे होते. आमच्या भागातील एका गणेश मंडळाने अशा अठराशे रुपयांच्या कागदावर बैठकीतच वर्गणी काढली होती. रक्कम लहान असणे, ती औषधाशी जोडलेली असणे आणि पैसे दुसरीकडे जाणार नाहीत याची खात्री असणे, या तीन गोष्टींवर देणारा हात सैल सोडतो. अर्थात हे गावावर आणि माणसांवर अवलंबून आहे, पण मागणाऱ्यालाही यात कमीपणा वाटत नाही, हा त्याचा मोठा फायदा मी पाहिला आहे.

दुरुस्ती परवडणारी नाही असेच निघाले आणि जुना फ्रिज घ्यायची वेळ आली, तर तो दुकानात निदान तासभर चालवून मगच घ्या. फ्रीजरच्या सर्व भिंतींवर सारखा दंव धरला पाहिजे. एकाच कोपऱ्यात धरला तर गॅस कमी आहे. दरवाजाच्या रबरात वर्तमानपत्राचा कागद अडकवून ओढा, तो सहज सुटून आला तर रबर गेले आहे आणि अशा फ्रिजचा कॉम्प्रेसर क्वचितच थांबतो. शंभर वॅटचा कॉम्प्रेसर अखंड चालला तर महिन्याला सत्तरच्या वर युनिट होतात, आणि तुमचे बिल शंभर युनिटांच्या टप्प्यातून वर गेले की पुढील युनिटांचा दरही वाढतो. फुकट मिळालेला फ्रिजसुद्धा अशा रीतीने महाग पडू शकतो. फ्रीजरच्या पत्र्यावर सुरीचे ओरखडे दिसले तर तो फ्रिज घेऊच नका. बर्फ सुरीने खरवडताना पत्र्याला सुईएवढे भोक पडते आणि सगळा गॅस निघून जातो. आमच्याकडे येणाऱ्या गॅसगळतीचे हे नेहमीचे कारण आहे.

तोपर्यंत फ्रिजचा प्लग काढून ठेवा. तो ‘टक्’ आवाज होत राहिला तर आज शाबूत असलेला कॉम्प्रेसरही त्या झटक्यांनी जळू शकतो. दरवाजा थोडा उघडा राहील असे काहीतरी अडकवा, नाहीतर आत बुरशी धरेल. दुसरा कारागीर येऊन गेला की सॉकेटवर किती व्होल्ट दिसले आणि रिले हलवल्यावर आवाज आला का, एवढ्या दोन गोष्टी कळवा. त्यावरून साडेसहा हजार लागणार की साडेसहाशे, हे बरेचसे सांगता येईल.